पन्नास मिलिमीटरचा हिशेब

२२६. महिंद्रानं २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आणलेल्या थारचा हा ग्राउंड क्लिअरन्स आहे, मिलिमीटरमध्ये. लिफ्ट किट बसवणारा मालक यात ५० मिळवतो आणि आपली गाडी आता २७६ झाली असं धरून चालतो. किटची किंमत भागिले पन्नास असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. मिलिमीटर हवे तिथे वाढत नाहीत, आणि रुपये किटपाशी थांबत नाहीत.

आधी मिलिमीटर पाहू. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन आर्म आणि मध्ये कॉइल. मागे मात्र अखंड ॲक्सल आहे. हा ॲक्सल चाकांना जोडलेला असतो, बॉडीला नाही. स्प्रिंग उंच केल्या की चासी वर जाते, बॉडी वर जाते, बंपर वर जातो. मागचा डिफ, म्हणजे ॲक्सलच्या मधला तो लोखंडी गोळा, जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. सह्याद्रीतल्या खडकाळ वाटेवर मधल्या उंचवट्यावर खाड्कन आपटतो तो बहुतेक वेळा हाच. त्याची उंची वाढवणारी गोष्ट एकच, मोठा टायर. आणि तोही त्रिज्येनं वाढवतो, व्यासानं नाही.

थारच्या वरच्या व्हेरिएंटला २५५/६५ आर १८ टायर येतो. त्याचा व्यास काढायला गणित सोपं आहे: रुंदी २५५ मिमी, साइडवॉल तिच्या ६५ टक्के म्हणजे १६५.७५, ती दोनदा, अधिक १८ इंची रिमचे ४५७.२. उत्तर ७८९ मिमी. लिफ्टनंतर लोक हौसेनं बसवतात तो २८५/७० आर १७, म्हणजे ८३१ मिमी, ज्याला बाजारात ‘तेहतीस इंची’ म्हणतात. फरक ४२. त्याच्या निम्मे २१. पन्नास मिमीचं किट आणि पाच नवे टायर असा सगळा खटाटोप करून डिफखाली मिळाले एकवीस मिलिमीटर. नव्या टायरची हवा दगडांवर चालण्यासाठी कमी केली, की त्यातलेही बरेचसे परत जातात.

किटचा उपयोग बॉडीखाली होतो, हे खरंच आहे. थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिमी आहे. बांधावरून किंवा टेपाडावरून जाताना गाडीचं पोट टेकतं की नाही, हे ठरवणाऱ्या कोनाला ब्रेकओव्हर म्हणतात. २०२०च्या थारला कंपनी तो २७ अंश सांगते. पन्नास मिमी वाढले की त्यात सुमारे चार अंशांची भर पडते. ही भर कामाची आहे. पण गाडीचं नाक टेकण्याचा कोन, ॲप्रोच, मुळातच ४१.८ अंश आहे आणि शेपटीचा ३६.८. आपल्याकडच्या पायवाटांवर थार नाकानं अडली असं क्वचितच होतं.

आणखी एक वजाबाकी कोणी सांगत नाही. चार माणसं, पाणी, तंबू, जेवणाचं सामान मिळून साडेतीनशे किलो सहज होतात. एका चाकावर साधारण ८६० न्यूटन. चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला २५ न्यूटन धरला, तर बॉडी जवळजवळ ३५ मिमी खाली बसते. ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा धरायचा की भरलेल्या, हा प्रश्न इतका खरा आहे की जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेला एसयूव्हीवरच्या उपकरासाठी ‘१७० मिमी, रिकाम्या स्थितीत’ असा खुलासा करावा लागला. सहलीला निघालेली भरलेली गाडी म्हणजे शोरूममधली गाडी नव्हे.

आता हे पन्नास मिमी येतात कसे ते पाहू, कारण पुढचा सगळा खर्च त्यातूनच फुटतो.

सगळ्यात स्वस्त मार्ग स्पेसरचा. पुढच्या शॉकच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची किंवा पॉलियुरेथेनची चकती. मेकॅनिक हातात ठेवतो ती चकती तीसच मिमी जाड असते, आणि गाडी मात्र पन्नास मिमी वर येते. कारण शॉक खालच्या आर्मवर चाकापासून आत, आर्मच्या बिजागरीपासून साधारण साठ टक्के अंतरावर बसलेला असतो. तिथले तीस म्हणजे चाकापाशी पन्नास. गिऱ्हाईक खूश होतं. पण याच गुणोत्तरानं चाकाची खाली लोंबण्याची हद्दही पन्नास मिमी खाली सरकते. बॉल जॉइंट आणि चाक फिरवणारा शाफ्ट यांना कंपनीनं कधी न दाखवलेल्या कोनात जावं लागतं. शाफ्टची लांबी ४०० मिमी धरली तर पन्नास मिमीला सात अंश जास्त. गाडी जॅकवर घेऊन चाकाच्या आत बॅटरी मारून पाहिली की परिणाम दिसतो: रबरी बूटाच्या घड्या एका बाजूला ताणलेल्या आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींवर घासणाऱ्या. घासता घासता बूट चिरतो, फिरणारा शाफ्ट आतलं ग्रीस बाहेर फेकतो आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचं गोल कडं उमटतं. त्या टप्प्यावर पकडलं तर बूट आणि ग्रीसवर भागतं. चिखलात तसंच चालवलं तर जॉइंटच जातो.

मागे स्प्रिंगखाली चकती घातली आणि शॉक जुनाच ठेवला, तर गडबड वेगळी होते. शॉकची लांबी तेवढीच आहे. समजा आधी चाक शंभर मिमी वर आणि शंभर मिमी खाली जात होतं. आता बॉडी पन्नासनं वर गेल्यामुळे खाली लोंबायला पन्नासच उरले. खड्ड्यात जे चाक खाली पोहोचून जमीन धरत होतं, ते आता हवेत राहतं. खडकाळ वाटेसाठी केलेला बदल गाडीची खडकाळ वाटेवरची पकडच कमी करतो. स्पेसरबद्दल माझं मत त्यामुळे स्पष्ट आहे: तो स्वस्त नाही, त्याचं बिल उशिरा येतं एवढंच.

मागच्या प्रॉपेलर शाफ्टचं गणित त्याहून सूक्ष्म आहे. बॉडी वर गेली की या शाफ्टचा कोन वाढतो. यूजे क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, कोनात फिरतो तेव्हा एका फेरीत त्याची गती किंचित कमी-जास्त होते. कोन ४ अंश असेल तर हा चढउतार अर्धा टक्का, ८ अंश असेल तर जवळजवळ २ टक्के. कोन दुप्पट, चढउतार चौपट. ऐंशीच्या वेगाला पायाखाली जाणवणारी बारीक थरथर बऱ्याचदा इथून येते, आणि मालक मात्र चार-चार वेळा चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो. जुन्या पाट्यांच्या जीपला उंची वाढवण्याचं काम लांब शॅकल लावून करत असत. तिथे पन्नास मिमी लांब शॅकलला गाडी पंचवीसच मिमी वर येते आणि ॲक्सलचं तोंडही फिरतं.

नीट किट म्हणजे चार स्प्रिंग, चार शॉक, आणि पुढे कोन दुरुस्त करणारे वरचे आर्म. यातही स्प्रिंग वजन पाहून निवडावी लागते. विंच आणि लोखंडी बंपर येणार म्हणून पुढे शंभर किलो जास्तीची स्प्रिंग घेतली आणि विंच आलीच नाही, तर नाक आणखी वीस मिमी वर राहतं. गाडीचं नाक किती वर आहे, याचा संबंध हेडलाइटशी आहे. डिपरचा झोत सर्वसाधारणपणे दर दहा मीटरला दहा ते पंधरा सेंमी खाली उतरेल असा लावलेला असतो, म्हणजे एक ते दीड टक्का. पुढची बाजू मागच्यापेक्षा पंचवीस मिमी जास्त उचलली तर २५ भागिले २४५०, म्हणजे सुमारे एक टक्का. डिपरचा उतार तिथेच संपला. ताम्हिणीत किंवा आंबोलीत रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत तो झोत सरळ जातो. या खर्चाची पावती मालकाच्या नावावर फाटत नाही, म्हणून तो कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. हेडलाइटची पातळी पुन्हा लावायला भिंत, खडू आणि अर्धा तास लागतो. लिफ्ट करून देणाऱ्या प्रत्येक गॅरेजनं हे काम न सांगता करायला हवं.

आता रुपये. खालचे दर मी हिशेबासाठी धरले आहेत. आपल्या गॅरेजचं कोटेशन हाती आलं की आकडे बदलून घ्यावेत, बेरजेची रीत तीच राहते. चार कोपऱ्यांचं किट १,२०,०००. पुढचे वरचे आर्म ४५,०००. बसवण्याची मजुरी १२,०००. अलाइनमेंट दोनदा, कारण नव्या स्प्रिंग हजारेक किलोमीटरनंतर थोड्या बसतात, ३,०००. टायर पाच, स्टेपनी धरून, २२,००० प्रमाणे १,१०,०००. जुनी रिम अठरा इंची आणि नवे टायर सतरा इंची, म्हणून पाच रिम, ११,००० प्रमाणे ५५,०००. स्पीडोमीटर आणि हेडलाइट ५,०००. बेरीज साडेतीन लाख. जुने टायर-रिम विकून पन्नास हजार आले असं समजू, तीन लाख उरले.

पुढची पाच वर्षं, वर्षाला १२,००० किमी. डिझेल गाडी लिटरला १२ ऐवजी ११ द्यायला लागली तर वर्षाला १,००० ऐवजी १,०९१ लिटर. नव्वद रुपयांनी ८,१९०, पाच वर्षांचे ४०,९५०. टायरचा दुसरा संच दोन्ही गाड्यांना या काळात लागेलच, पण मूळ आकाराचे चार ६०,०००ला आणि मोठे चार ८८,०००ला, फरक २८,०००. बुश, बॉल जॉइंट, बूट, जास्तीची अलाइनमेंट मिळून वर्षाला ८,०००, म्हणजे ४०,०००. एकूण १,०८,९५०. मूळच्या तीन लाखांत मिळवले की ४,०८,९५०.

किटच्या भावानं एक मिलिमीटर २,४०० रुपयांना पडतो असं वाटत होतं. डिफखाली खरोखर वाढलेल्या एकवीसनं भागलं, तर एक मिलिमीटर साडेएकोणीस हजारांना पडला. तीन लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर पाच वर्षांत १,२०,७६५ रुपये व्याज झालं असतं. ते धरलं की आकडा ५ लाख ३० हजारांच्या आसपास जातो. किट स्वतः त्यात चौथा हिस्साही नाही.

मायलेजबद्दल एक सावधगिरी. टायर ५.३ टक्क्यांनी मोठा झाला, म्हणजे मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ला असते, आणि ओडोमीटर १२,००० दाखवतो तेव्हा गाडी १२,६४० धावलेली असते. मीटर दुरुस्त न करता काढलेलं ‘११चं ॲव्हरेज’ प्रत्यक्षात ११.६ असतं. मोठ्या टायरवर मालक जेवढे चिडतात तेवढा दोष त्याचा नसतो. सर्व्हिस मात्र दर वेळी पाचशे किलोमीटर उशिरा होते. ओढीचं नुकसान खरं आहे: ३०० न्यूटन-मीटरचं डिझेल इंजिन चाकाच्या कडेला २८५चं असल्यासारखं वागतं, आणि ब्रेकलाही तेवढ्याच प्रमाणात जास्त जोर लावावा लागतो.

सगळ्यात महाग बाब रुपयांत मोजता येत नाही. गाडी उलटण्याची शक्यता मोजायला अमेरिकेची एनएचटीएसए ही रस्ता सुरक्षा संस्था एक साधं गुणोत्तर वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. मोटारींचं ते १.३० ते १.५० असतं, उंच एसयूव्ही आणि पिकअपचं १.०० ते १.३०. थारचं चाकांमधलं अंतर १५२० मिमी आणि गुरुत्वमध्य ७२० मिमीवर धरू; गुणोत्तर १.०६. पन्नास मिमीच्या लिफ्टनं, ॲक्सल आणि चाकांचं वजन खालीच राहत असल्यामुळे, गुरुत्वमध्य चाळीसेक मिमी चढतो. मोठे टायर सगळ्यालाच २१नं उचलतात. ७२०चे ७८० झाले. गुणोत्तर ०.९७.

त्यावर आता टपावरचा तंबू. साठ किलोंचा, जमिनीपासून दोन मीटरवर. एकोणीसशे किलोंच्या गाडीत हे साठ किलो गुरुत्वमध्य आणखी सुमारे चाळीस मिमी वर नेतात, जवळजवळ अख्ख्या लिफ्ट किटएवढे. गुणोत्तर ०.९३. चांगला टायर कोरड्या डांबरावर आडवी पकड ०.८ ते ०.९ देतो. मूळ गाडी आधी घसरते, उलटायला तिला अजून वाव असतो. उचललेल्या, टपावर तंबू बांधलेल्या गाडीत घसरणं आणि उलटणं एकमेकांच्या अगदी जवळ येऊन बसतात. शॉक मऊ असेल, गाडी झुकत असेल तर जो काही फरक उरला तोही पुसला जातो. रिम बाहेर काढून चाकांमधलं अंतर चाळीस मिमी वाढवलं तर तंबूशिवायचं गुणोत्तर पुन्हा १.०० होतं, पण तो भार बेअरिंगवर जातो. गाडी घसरताना सावरणाऱ्या ईएसपी यंत्रणेला यातलं काहीच माहीत नसतं. तिची गणितं कारखान्यातल्या उंचीवर आणि कारखान्यातल्या टायरवर बांधलेली आहेत. मूळ उंचीचीही उंच गाडी किती सहज कलंडते याचं उदाहरण मे २०२०मधलं आहे: अमेरिकेतल्या आयआयएचएसच्या धडक चाचणीत जीप रँग्लर अडथळ्याला धडकून एका कुशीवर उलटली. ती गाडी कोणी उचललेली नव्हती. तंबू टपावरून उतरवून मागे ठेवणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल आहे, आणि तो मी प्रत्येकाला आग्रहानं सांगेन.

कायद्याची बाजू आकड्यांत थोडकी आहे, परिणामात नाही. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ही मनाई ठामपणे उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२अ परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचावेत. अमेरिकेत रँग्लरसाठी उत्पादकाच्याच ॲक्सेसरी विभागाचं दोन इंची किट मिळतं. आपल्याकडे अशी सोय नसल्यामुळे जबाबदारी सरळ मालकाच्या अंगावर येते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था गाडी तपासून मंजूर करतात ती कारखान्यातून आली तशी, गल्लीतल्या गॅरेजमधून बाहेर पडली तशी नव्हे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर याच मुद्द्यावर बोट ठेवतो, आणि लिफ्टची माहिती कंपनीला आधी दिलेली नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. वॉरंटीत गेलेला शाफ्ट किंवा बॉल जॉइंट सर्व्हिस सेंटरला दाखवायला नेला, की तिथेही पहिली नजर स्पेसरवर जाते.

मग खडकाळ वाटेवर जाणाऱ्यानं करायचं काय? सोळा इंची रिमची थार असेल तर तिचा मूळ टायर २४५/७५ आर १६, व्यास ७७४. त्याच रिमवर २६५/७५ घेतला तर ८०४, म्हणजे डिफखाली १५ मिमी, लिफ्टशिवाय. पाच टायर पंधरा हजारांनी ७५,०००, जुन्यांचे वीस हजार आले तर निव्वळ ५५,०००. मिलिमीटरमागे सुमारे ३,७००. स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून तो कुठे घासत नाही ना एवढं आधी पाहायचं, आणि तो आकार चालेल का हे शोरूमला लेखी विचारायचं. डिफखाली आणि टाकीखाली जाड संरक्षक पत्रा. आणि हवा: एका चाकावर ४७५ किलो धरले तर ३२ पीएसआयला टायर सुमारे २१० चौरस सेंमी जमीन धरतो, १८ला ३७५. रबराच्या कडकपणामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येतो, तरी टेकणारी जागा दीडपटीच्या पुढे जाते. खर्च हवा भरायच्या छोट्या पंपाचा, चार-पाच हजार. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, एवढीच अट.

विंच, लोखंडी बंपर, लांबच्या प्रवासाचं कायमचं सामान असेल तर मूळ स्प्रिंग खरंच अपुऱ्या पडतात. तिथे वजनाला जुळणारं पूर्ण किट समर्थनीय आहे, पन्नास मिमीच्या आत, वरच्या आर्मसकट. ते करायचं ठरलं तर किट उघडण्याआधी गाडी सपाट जागी, रिकामी उभी करून चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर टेपनं मोजून वहीत लिहावं. बसवल्यावर पुन्हा मोजावं, हजार किलोमीटरनंतर पुन्हा. डाव्या-उजव्यात पाच मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्प्रिंग अदलाबदल झाली आहे किंवा बुश पिळलेल्या स्थितीत आवळलं आहे. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नव्हे, चाकं जमिनीवर टेकल्यावर पूर्ण आवळायचे असतात. लटकत्या आर्मवर आवळलेलं बुश रात्रंदिवस पिळलेलं राहतं आणि वेळेआधीच फाटतं.